पाच जादा डाग

मंगळवार, ६ फेब्रुवारी १९९०, सकाळचे नऊ वाजून चाळीस मिनिटे, डाग बावन्न.

वेधशाळेच्या मोजणीच्या खोलीत, उत्तरेकडच्या खिडकीखालच्या लांब टेबलावर एका जुन्या प्लेटवरच्या सूर्याचा प्रिंट पसरून मास्तर तिसऱ्यांदा डाग मोजत होते. पांढऱ्या चकतीवर काळे डाग; काही वाटाण्याएवढे, बरेचसे खसखशीच्या दाण्याएवढे. प्रत्येक डागावर ते पेन्सिलीचे टोक न टेकवता नुसते धरत, ओठांतल्या ओठांत आकडा म्हणत आणि पुढे सरकत. तिसऱ्या खेपेलाही बावन्नच भरले. शेजारी तेवीस वर्षांपूर्वीची वही उघडी होती. तीत त्या प्लेटच्या तारखेपुढे, मास्तरांच्याच तरुणपणीच्या ताठ अक्षरात, सत्तेचाळीस लिहिलेले होते.

टेबलाच्या पलीकडे बाई उभ्या होत्या. वेधशाळेची डार्करूम गेली सव्वीस वर्षे त्यांच्या हाती होती आणि तेवढी वर्षे सगळे त्यांना नुसते 'बाई'च म्हणत. मास्तरांचेही तसेच. ते कधी शाळेत शिकवायला गेले नव्हते. पण सूर्यावरचे डाग मोजता मोजता आणि दुसऱ्यांच्या चुका काढता काढता त्यांचे 'डागमास्तर' झाले होते, आणि समोरासमोर फक्त 'मास्तर'.

"सूर्य काही आता बदलायचा नाही," मास्तर म्हणाले. "म्हणजे मीच चुकलो. तीस वर्षांचा होतो तेव्हा. नवीन लग्न. लक्ष नसेल ठिकाणावर."

"पाच डाग सुटतील इतकं?"

"बायको माहेरहून यायची असेल त्या दिवशी." ते हसले खरे, पण चेहरा उतरलेला होता. त्यांनी खिशातून लाल शाईचे पेन काढले. "असो. चूक ती चूक. वहीत दुरुस्ती करतो आणि खाली सही करतो."

बाईंनी प्रिंटवर भिंग धरले. खऱ्या डागांपैकी मोठ्यांना करड्या रंगाची झालर होती. लहानांना ती नसते, हे त्यांना ठाऊक होते. पण लहान खरे डागही कधी पूर्ण गोल नसतात. इथे एका कोपऱ्यात तीन आणि कडेला दोन असे पाच ठिपके टाचणीने टोचल्यासारखे गोल होते. सगळे सारख्याच मापाचे. सूर्य इतका नीटनेटका नसतो.

"मास्तर, पेनला टोपण लावा," बाई म्हणाल्या.

"का हो?"

"तुम्ही चुकलेला नाहीत. कोण चुकलं ते उद्या सांगते. तोपर्यंत वहीला हात लावायचा नाही."

"हुकूम?"

"विनंती. पण हुकमासारखी ऐका."

मास्तरांनी टोपण लावले.

प्रश्न एका प्रिंटचा नव्हता. सूर्याच्या एका पूर्ण आवर्तनाच्या अकरा वर्षांत दर आठवड्याला काढलेल्या काचेच्या प्लेटा तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत होत्या. बऱ्याच ओलीने आधीच गेल्या होत्या. उरल्या होत्या तीनशे बारा. त्यांच्यावरचा इमल्शनचा, म्हणजे चित्र धरून ठेवणारा, थर कडांपासून सुटत चालला होता, जुन्या भिंतीचा रंग सुटावा तसा. म्हणून प्रत्येक प्लेट एका चौकटीत फिल्मला भिडवून दाबायची, वरून प्रकाश द्यायचा, आणि त्या फिल्मवर निगेटिव्हची हुबेहूब नक्कल उतरवायची, असे काम सप्टेंबरात बाईंकडे आले होते. तेव्हा घाई नव्हती. जानेवारीच्या वीस तारखेला आदेश निघाला, की ती खोली ३१ मार्चला रिकामी करून बांधकाम खात्याच्या ताब्यात द्यायची. तीन मजले उतरवून ट्रकमध्ये घातलेल्या प्लेटांचा भुगा होणार हे कोणी वेगळे सांगायला नको होते. त्या दिवसापासून सूर्याची ती अकरा वर्षे बाईंच्या फिल्मवर तरली तर तरणार होती. आणि त्या फिल्मवर खोटे डाग निघाले होते. मास्तरांच्या लाल पेनाने ते आज खरे ठरले असते.

डार्करूममध्ये येऊन बाईंनी दार लावले, पांढरा दिवा लावला आणि कोरा कागद पुढ्यात घेतला. तंत्रशाळेत त्यांना शिकवले होते, की दोष शोधताना आधी हात थांबवायचे आणि मग डोके चालवायचे. त्यांनी ओळीने लिहिले. धूळ? धुळीचा ठिपका वेडावाकडा असतो, नाही. फिल्मचा दोष? मग कोऱ्या कडेवरही ठिपके दिसले असते. तिथे एकही नव्हता, आणि ज्या भागावर डेव्हलपरचे, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या द्रावणाचे, काम जास्त झालेले, तिथेच ते होते. उरला स्टॉप बाथ.

डेव्हलपरमधून काढलेली फिल्म सौम्य आम्लाच्या ट्रेमध्ये बुडवली, की डेव्हलपरचे काम जागच्या जागी थांबते. त्या आम्लाच्या पाण्यालाच स्टॉप बाथ म्हणतात. त्याच्या ट्रेत फिल्म अर्धा मिनिट असते आणि तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष नसते. पण डेव्हलपरमध्ये सोडा असतो. आम्ल हवे त्याहून कडक झाले, तर फिल्मच्या ओल्या थरातच सोड्याचे बुडबुडे उठतात आणि बाहेर पडताना थराला भोके पाडतात. निगेटिव्हवर भोक म्हणजे प्रिंटवर काळा ठिपका. लग्नाच्या फोटोत तो कोणाच्या नजरेस पडत नाही. सूर्याच्या चकतीवर त्याचा सौरडाग होतो.

पण बाईंनी आम्ल मोजून घेतले होते. एका लिटर पाण्यात अठ्ठेचाळीस मिलिलिटर. आधी पाणी, मग आम्ल, कधीही उलटे नाही. मोजपात्र खरे, हात खरा. मग खोटी ठरू शकत होती ती फक्त बाटली.

फळीवर तपकिरी काचेच्या दोन बाटल्या होत्या. एकीत अठ्ठावीस टक्क्यांचे, पाणी घालून तयार ठेवलेले आम्ल. तेच अठ्ठेचाळीस मिलिलिटर घ्यायचे. दुसरीत निव्वळ ॲसेटिक ॲसिड, ज्याला भांडारवाले ग्लेशियल म्हणतात. ते त्याच्या साडेतीन पट कडक. जुन्या चिठ्ठ्या आम्लाच्या ओघळांनी खाऊन टाकल्या होत्या. नोव्हेंबरात भांडाराने नवी बाटली दिली तेव्हा 'चिठ्ठी उद्या लावू' म्हणून जी राहिली, ती राहिलीच. भिंतीवर बाईंच्याच अक्षरात नियम टांगलेला होता: चिठ्ठी नसलेली बाटली रिकामी समजावी. शिकाऊ मुलामुलींकडून त्यांनी तो पाठ करून घेतला होता. स्वतः मात्र त्या नाकावर विसंबत. बूच सैल करून हाताने हवा आपल्याकडे ढकलली की पुरे. ग्लेशियल नाकात सुईसारखे शिरते, पातळ नुसते आंबट वास देते. सव्वीस वर्षांत एकदाही गफलत झाली नव्हती.

त्यांनी डाव्या बाटलीचे बूच सैल केले. हवा ढकलली. काही नाही. उजव्या बाटलीचे केले. काही नाही.

आता लपवण्यात अर्थ नव्हता; निदान स्वतःपासून. नोव्हेंबरात तीन आठवडे ताप येऊन गेला होता. सोमवारी, सत्तावीस तारखेला त्या कामावर परतल्या, तेव्हापासून त्यांना कशालाच वास नव्हता. साबणाला नव्हता, रॉकेलला नव्हता. येईल हळूहळू, असे त्या स्वतःला समजावत राहिल्या. डार्करूममध्ये डोळ्यांना पाणी येई, ते त्यांनी नव्या चष्म्यावर ढकलले होते. नाक गेलेले असताना बाटल्या हुंगण्याची सवय मात्र राहिली होती. वास आला नाही, तर बाई त्याला 'सौम्य' समजत.

दुपारच्या सुट्टीत त्या घरी गेल्या. वेधशाळेच्या मागच्या चाळवजा इमारतीत दोन खोल्या होत्या. तिथे त्या आणि त्यांची नणंद राहत. बाईंचे यजमान जाऊन नऊ वर्षे झाली होती. नणंदेने लग्नच केले नव्हते, आयुष्यभर शिवणकाम केले होते. मशीनवरून मान वर न करता वन्संनी विचारले,

"वहिनी, आज सूर्य लवकर मावळला का गं?"

"वन्सं, मला तुम्हाला एक सांगायचंय."

"तुला वास येत नाही, हेच ना?"

बाई दारातच थांबल्या.

"अगं, डिसेंबरात दूध करपलं. सगळी चाळ दार वाजवायला आली. तू शेगडीशेजारी बसून पेपर वाचत होतीस." वन्संनी दाताने दोरा तोडला. "नाकावर माशी बसू देत नाहीस, आणि नाकाखाली दूध जळलं तरी पत्ता नाही!"

"मग बोलला का नाहीत?"

"तू सांगशील म्हणून थांबले. मग जरा गंमत म्हणून थांबले. परवा तुझ्या पदराला मी रॉकेलचं बोट पुसलं. तशीच मिरवत गेलीस ऑफिसला."

"वन्सं!"

"काय वन्सं? डॉक्टरकडे चल म्हटलं असतं तर आली असतीस?"

"नसते आले."

"मग? आता काय झालं ते सांग. नुसत्या दुधासाठी तू दुपारची घरी यायची नाहीस."

बाईंनी सगळे सांगितले. वन्संना स्टॉप बाथमधले काही कळत नव्हते. पण माप चुकलेल्या कापडाचे त्यांना चांगले कळत होते. त्या म्हणाल्या,

"कापड एकदा चुकीचं बेतलं की मी गिऱ्हाइकाला शिवून झाल्यावर सांगत नाही. कात्री खाली ठेवते आणि तिथेच सांगते. शिव्या खाते. पण उरलेलं कापड वाचतं."

"माझी डार्करूमची किल्ली काढून घेतील."

"घेतील कदाचित. पण तू न सांगता ठेवलीस तर ती किल्ली तुला तरी गोड लागेल का? जेवून घे आधी. उपाशीपोटी कबुली दिली की आवाज रडका येतो."

बाई जेवल्या, आणि परतताना उपाहारगृहातून बादलीभर बर्फ घेऊन आल्या.

आपण चुकलो असे वाटणे वेगळे आणि आपण चुकलो हे सिद्ध होणे वेगळे. कबुलीही मोजून द्यावी, असा त्यांचा स्वभाव होता. निव्वळ ॲसेटिक ॲसिड सोळा-सतरा अंशांखाली गोठते. पाणी घातलेले बर्फातही गोठत नाही. डार्करूम कायम वीस अंशांवर ठेवलेली असल्यामुळे बाटलीने आपण होऊन कधी ओळख दिली नव्हती. त्यांनी मास्तरांना बोलावले, डावी-उजवी बाटली बर्फाच्या पाण्यात उभी केली आणि हाती घड्याळ दिले.

"हे काय? सरबत?" मास्तर म्हणाले.

"प्यायलात तर शेवटचं. डावी बाटली बघत राहा. गेले दहा आठवडे मी हिच्यातूनच घेतेय."

दहा मिनिटे झाली. वीस झाली. दोन्ही बाटल्यांतले आम्ल पाण्यासारखेच राहिले. मास्तरांनी दोनदा जांभई आवरली. पंचविसाव्या मिनिटाला ते म्हणाले,

"सुटलात, बाई. दोन्ही पातळच दिसतात."

"थांबा. थंड झालं तरी ते कधी कधी हट्टाने पातळ राहतं." त्यांनी डावी बाटली उचलली आणि बुडाशी चिमट्याने एकदा टक्‌ केले.

बाटलीच्या तळातून पांढऱ्या सुया वर धावल्या. चार-पाच सेकंदांत आतले सगळे घट्ट झाले. बाटली उलटी केली तरी थेंब हलेना. उजवी बाटली बर्फात शेजारीच उभी होती आणि तिच्यातले आम्ल डुचमळत होते.

मास्तरांनी गोठलेली बाटली स्वतः एकदा उलटी करून पाहिली. "म्हणजे साडेतीन पट," ते हळूच म्हणाले.

"साडेतीन पट. सत्तावीस नोव्हेंबरपासून आजपर्यंत. एकाहत्तर नंबरपासून एकशे अठरापर्यंत. अठ्ठेचाळीस प्रती. त्या सगळ्या संशयित." त्यांनी बाटली खाली ठेवली. "मला वास येत नाही, मास्तर. तापानंतर गेला. मी कोणाला सांगितलं नाही."

"आणि मी तुमच्या आम्लापायी माझी वही रंगवायला निघालो होतो!"

"हो."

"लाल शाईने!"

"हो, मास्तर."

त्यांचा राग चेहऱ्यावर आला, कानांपर्यंत गेला आणि तिथेच घुटमळला. मग ते म्हणाले, "तुम्ही टोपण लावायला सांगितलंत म्हणून. नाही तर आज मी तुमच्याशी बोललोच नसतो. चला, साहेबांकडे जाऊ. मी बरोबर येतो. बोलायचं तुम्ही."

वेधशाळेचे संचालक वयाने दोघांहून लहान होते आणि त्यांच्या टेबलावर त्या दिवशी खोली रिकामी करण्याचे कागद पसरलेले होते. त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग सुटकेचा सुस्कारा टाकल्यासारखे म्हणाले,

"एवढंच ना? बाई, स्टुडिओवाले नवरीच्या गालावरचा मुरूम घालवतात. बारीक ब्रश घ्या, भोकं बुजवा. आठवड्यात काम होईल."

"मुरूम गेला म्हणून नवरी तक्रार करत नाही, साहेब. पण उद्या कोणी विचारलं की कुठला ठिपका बुजवला आणि कुठला ठेवला, तर साक्षीला काय माझा ब्रश उभा राहणार? एकदा रंग लावला, की उरलेल्या प्रतींवरही कोणी भरवसा ठेवणार नाही."

"सूर्याला मेकअप नाही," मास्तर म्हणाले.

"मग पुन्हा प्रती काढा. पण प्लेटा दुसऱ्यांदा दाबल्या तर थर निघेल असं तुम्हीच लिहून दिलंय."

"म्हणून सगळ्या नाही दाबायच्या. आधी प्रत आणि प्लेट उजेडाच्या पेटीवर शेजारी ठेवून, न दाबता, डाग ताडून बघायचे. जिथे खोटा डाग निघेल तेवढीच पुन्हा काढायची."

"आणि मुदत? ती मला वाढवता येणार नाही."

"मागितली नाही."

संचालकांनी पेन खाली ठेवले. "बाई, आता अवघड विचारतो. वास येत नसताना डार्करूम कशी चालवणार तुम्ही?"

बाईंनी घडी केलेला कागद त्यांच्यापुढे ठेवला. जेवणानंतर उपाहारगृहात बर्फाची वाट पाहताना त्यांनी तो लिहिला होता. ॲसेटिक ॲसिडच्या दोन्ही बाटल्या डार्करूममधून भांडारात परत. यापुढे स्टॉप बाथ सायट्रिक ॲसिडचा. ती पांढरी पूड असते, तराजूवर तोलता येते आणि तिला वास नसतोच, त्यामुळे तिच्याबाबतीत सगळ्यांचे नाक सारखेच. एका लिटरला पंधरा ग्रॅम. रोज सकाळी पांढऱ्या दिव्यात कागदाच्या पट्टीने आम्लाची तपासणी. लाल दिव्यात पट्टीचा रंग ओळखू येत नाही म्हणून कधीही लाल दिव्यात नाही. एका लिटरमध्ये वीस फिल्मा झाल्या, की ट्रे चांगला दिसो वा वाईट, ओतून द्यायचा. प्रत्येक फिल्मसमोर तारीख, वेळ, वजन आणि सही.

"पहिल्या दहा प्रतींत एक जरी खोटा डाग निघाला," त्या म्हणाल्या, "तर किल्ली तुमच्या टेबलावर. न मागता."

संचालकांनी कागद दोनदा वाचला. "दहा प्रतींपर्यंत," ते म्हणाले. "मोजणारे मास्तर."

"मी सवलत देत नाही," मास्तर म्हणाले.

"ते सगळ्यांना माहीत आहे," संचालक म्हणाले.

ताडून पाहण्यात चार दिवस गेले. उजेडाच्या पेटीवर डावीकडे प्लेट, उजवीकडे प्रत. मास्तर प्लेटवरचे डाग मोठ्याने मोजत आणि बाई प्रतीवरचे. आकडे जुळले की पुढची. जुळले नाहीत, की बाई खोटा ठिपका शोधून एका जाड कागदावर त्याची जागा उतरवत, आणि मास्तर "आणखी एक पिल्लू" म्हणत. शनिवारी दुपारी हिशेब झाला: अठ्ठेचाळीसपैकी एकोणीस प्रती स्वच्छ, एकोणतीस सदोष. एकोणतीस या, आणि अजून हात न लागलेल्या एकशे चौऱ्याण्णव. मिळून दोनशे तेवीस. रविवार सोडून हातात दिवस उरले होते बेचाळीस.

"रोज साडेपाच," मास्तर म्हणाले. "आतापर्यंत तुमच्या आठवड्याला पाच निघत होत्या."

"तेव्हा मी तापातून उठले होते. रोज सहा काढू. अर्धी फिल्म काढता येत नाही."

सोमवारपासून डार्करूम सकाळी आठला सुरू होऊ लागली. बाईंनी तराजूचा काटा शून्यावर आणला, पंधरा ग्रॅम पूड तोलली, पाण्यात विरघळवली, पट्टी बुडवली, वहीत लिहिले. मग लाल दिवा. प्लेट चौकटीत ठेवताना त्या श्वास धरत. चौकटीच्या पाठीला त्यांनी वन्संकडून नमद्याचा जाड तुकडा शिवून घेतला होता, म्हणजे स्प्रिंगचा दाब एका जागी न बसता सगळीकडे पसरेल. प्रकाश, मग डेव्हलपर, दोन मिनिटे, मग स्टॉप बाथ.

पूर्वी या ट्रेवर वाकले, की आम्लाचा वास त्यांना सांगत असे: सगळे ठीक आहे. आता तो बोलत नव्हता. पहिल्या दिवशी त्यांचा हात ट्रेवर दोनदा अडखळला. मग त्यांना बोटे आठवली. डेव्हलपरमधली फिल्म कडेला साबणासारखी बुळबुळीत लागते. आम्लात गेली की तो बुळबुळीतपणा मोडतो आणि कड बोटाला धरते. त्या तीस सेकंद मोजत, आणि विसाव्या सेकंदाच्या आसपास फिल्मची कड अंगठ्याखाली बदललेली त्यांना कळे. नाकाचे काम तराजूने घेतले होते. धीर बोटांनी दिला.

मंगळवारी संध्याकाळी दहा प्रती मास्तरांच्या टेबलावर गेल्या. मोजायला त्यांनी बुधवारची दुपार केली. बाई तेवढा वेळ डार्करूममध्येच राहिल्या आणि पुढच्या प्रती काढत बसल्या, कारण किल्ली जायचीच असली तरी दिवसाच्या सहा पुऱ्या व्हायला हव्या होत्या. दार वाजले.

"बाई, उजेड करू नका, बाहेरूनच सांगतो. दहाच्या दहा."

"खोटा एकही नाही?"

"एकही नाही. मी एक शोधायचा फार प्रयत्न केला, खरं सांगतो."

"कळतं ते. जा आता, माझे सेकंद चुकतात."

त्यानंतर दिवस एकासारखे एक गेले. मार्चच्या पहिल्या आठवड्यात बाईंना सर्दी झाली; वन्संनी घरी थांब म्हटले, तर त्या म्हणाल्या, "नाक आधीच रजेवर आहे, वन्सं. सगळ्यांनी एकदम कसं जायचं?" ट्रे विसाव्या फिल्मला न चुकता ओतला जाई. एकदा एकोणिसाव्या फिल्मवर पूड संपली. भांडार बंद होते. नोव्हेंबरातल्या बाईंनी एकविसावीही त्याच ट्रेत काढली असती. आताच्या बाईंनी विसावी काढली, कारण नियम विसाचा होता; मात्र एकविसावी काढली नाही, आणि दुसऱ्या दिवशी भांडारातून पूड आणून, संध्याकाळी तासभर जास्त थांबून ती भरून काढली.

चौऱ्याण्णव नंबरची प्लेट त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवली होती. तिचा थर मध्यापर्यंत उचलला गेला होता, आणि तिच्या जुन्या प्रतीवर सहा खोटे डाग होते. गुरुवारी, २९ मार्चला त्यांनी ती चौकटीत घेतली. स्प्रिंग लावताना वाळलेल्या पानासारखा आवाज आला. लाल उजेडातही दिसले: थराचा तुकडा काचेवरून सरकून दुमडला होता. बाईंनी तो सोडवायचा प्रयत्न केला. तो बोटाखाली पावडर झाला. प्रकाश दिलाच नव्हता. सूर्याचा तो दिवस प्लेटवर आता नव्हता. उरली होती ती फक्त सहा खोटे डाग असलेली जुनी फिल्म.

मास्तरांनी येऊन चौकट पाहिली. संचालक खाली येऊन गेले. जाताना दारात थांबून, आवाज खाली आणून म्हणाले,

"बाई, एकच आहे. खोटे सहा कुठले हे तुम्ही कागदावर उतरवलेलंच आहे. एकदा ब्रश फिरवलात तर चूक नाहीच उरणार. खरं तेच दिसेल."

बाईंनी हे आधीच मनात घोळवून पाहिले होते. हात स्थिर होता, ब्रश खणात होता, आणि सहाही जागा त्यांना डोळे मिटून दाखवता आल्या असत्या. काम पाच मिनिटांचे होते.

"खरंच दिसेल, साहेब," त्या म्हणाल्या. "पण ते सूर्याने काढलेलं नसेल. मी काढलेलं असेल. मग बाकीच्यांना पण मीच काढलंय असं का समजू नये कोणी?"

"मग ही प्रत वगळू या."

"वगळायची पण नाही. मूळ प्लेट गेली, आता तिच्याबद्दल एवढंच आहे जगात. जशी आहे तशी ठेवायची, आणि काय झालं ते सांगून ठेवायची."

त्यांनी जाड कागदाचे पाकीट घेतले. आत फिल्म ठेवली, आणि खोट्या ठिपक्यांचा नकाशा तिच्यासोबत. बाहेर, सावकाश अक्षरात, लिहिले: 'प्लेट क्र. ९४ ची प्रत. हिच्यावर सहा डाग सूर्याचे नाहीत. स्टॉप बाथमधले आम्ल साडेतीन पट कडक झाल्याने पडलेली ती भोके आहेत. जागा सोबतच्या नकाशात. मूळ प्लेट दुसऱ्यांदा दाबताना नष्ट झाली. जबाबदारी डार्करूमची.' खाली सही केली, पदासह.

मास्तरांनी पाकीट हातात घेऊन वाचले. "जबाबदारी डार्करूमची म्हणजे कोणाची, हे पुढच्या माणसाला कसं कळणार?"

"सही आहे की."

"सही वाचता येत नाही तुमची. कधीच आली नाही." त्यांनी पेन पुढे केले, निळ्या शाईचे. "खाली छापील अक्षरात लिहा. एवढं मोठं कबूल केलंत, तर वाचता येईल असं करा."

बाईंनी छापील अक्षरात लिहिले.

शनिवारी, ३१ मार्चला, बांधकाम खात्याची माणसे जिन्यात येऊन उभी राहिली. तिसऱ्या मजल्यावरची फडताळे रिकामी झाली होती. मास्तर आणि बाई खालच्या खोलीत शेवटचे खोके मोजून बांधत होते. मास्तर सुतळी ओढत होते आणि बाई गाठीवर बोट धरत होत्या. मोजणी दोघांनी वेगवेगळी केली, कागद समोरासमोर ठेवले, आकडे जुळले, आणि बाईंनी अहवालाचा शेवटचा रकाना भरला.

एकूण प्लेटा ३१२. निर्दोष प्रती ३११.